तीन हत्यारे, तीन कड्या

1994 साली माझे वडील तीन महिने अंथरुणाला खिळून होते. उठले तेव्हा मनगट इतके बारीक झाले होते की हात वर केला की घड्याळ कोपराकडे पळे. घड्याळ एच.एम.टी.चे, चावीचे, स्टीलच्या चेनचे. 1980 साली ते गिरणीतून निवृत्त झाले तेव्हा साचेखात्यातल्या माणसांनी वर्गणी काढून दिलेले. घोडपदेवच्या आमच्या खोलीत त्याला मान होता.

मी कामावर जाता जाता ते एका दुकानात टाकले आणि संध्याकाळी परत घेतले. चेनच्या तीन कड्या कमी झाल्या होत्या. त्या दुकानदाराने दिल्या नाहीत, मी मागितल्या नाहीत. मी बँकेतला अधिकारी. कोणी लाखेचे सील लावलेले पाकीट सुरक्षित ठेवायला आणले, तर आत काय आहे हे न पाहताही पावती फाडून देणारा. वडिलांच्या तीन कड्या मात्र पावतीविना सोडून आलो.

पुढच्या सहा महिन्यांत वडील सुधारले, मनगट भरले आणि चेन बसेना. दुकानात गेलो तर कड्या केव्हाच कचऱ्यात गेलेल्या. दुसऱ्या शोधल्या; रुंदी जुळे तर जाडी जुळेना. चामड्याचा पट्टा त्यांना घामाने चालत नसे. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. घड्याळ खिळ्याला टांगले आणि रोज सकाळी त्याला चावी मात्र देत राहिले.

तेव्हापासून माझे मत झाले आहे की पट्ट्याचे आणि चेनचे काम घरीच करावे. त्यासाठी तीन हत्यारे पुरतात. हल्ली वीस-पंचवीस नगांची पेटी मिळते, ती घेऊ नये. तिच्यातल्या सुया मऊ लोखंडाच्या असतात, दुसऱ्या पिनेला वाकतात. शिवाय तिच्यात घड्याळाचे मागचे झाकण उघडायचे साधनही असते, आणि हातात हत्यार आले की माणसाला काम सुचते. झाकण आपण उघडायचे नाही. ते घड्याळजीचे राज्य.

पहिले हत्यार स्प्रिंगच्या पिनेचे. एका टोकाला बारीक दुबेळके, दुसऱ्या टोकाला सुई. पट्टा जिथे घड्याळाला बसतो तिथली पिन दुबेळक्याने दाबून सोडवायची. दुबेळके जाड असेल तर आत शिरत नाही आणि घड्याळाला ओरखडे काढते, म्हणून विकत घेताना टोक डोळ्यांजवळ धरून पाहावे. याच हत्याराच्या सुईने चेनच्या लॉकमधली पिन एक छिद्र पुढे-मागे करता येते. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागते, कडी काढावीच लागत नाही. हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

दुसरा पंच. टोक कडक पोलादाचे आणि पिनेच्या छिद्रापेक्षा बारीक हवे, 0.8 मिलिमीटरचा बहुतेक ठिकाणी चालतो. तिसरी हलकी हातोडी, नायलॉनच्या किंवा पितळेच्या तोंडाची. नागदेवी स्ट्रीटवर पायपीट करायची तयारी असली की चांगली हत्यारे हाताळून घेता येतात. चेन उभी धरायला खाचा पाडलेला लाकडाचा ठोकळा पुरे.

चेनच्या आतल्या बाजूला बारीक बाण असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ठोकायची, बसवताना उलट दिशेने. बाण पाहिल्याशिवाय हातोडी उचलू नये. काही कड्यांत पिनेबरोबर तांदळाच्या कणीएवढी नळी असते. ती फरशीवर पडली तर सापडत नाही, म्हणून खाली पांढरा पंचा अंथरावा. कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढाव्यात, नाहीतर लॉक मनगटाच्या कडेला येते. माप संध्याकाळी घ्यावे. मुंबईच्या उकाड्यात हात तोवर थोडा सुजलेला असतो, आणि सकाळी नेटकी बसलेली चेन तेव्हा रुतते. कड्या स्क्रूच्या किंवा दुमडलेल्या पत्र्याच्या असतील तर आपला हात आवरावा.

यात घड्याळजीच्या पोटावर पाय येतो, असे कोणी म्हणेल. आमच्या नाक्यावर लाकडी पेटी मांडून बसणारे एक म्हातारे घड्याळजी होते. काढलेली कडी ते न मागता काड्यापेटीत घालून देत. मी त्या दिवशी त्यांच्याकडे न थांबता मोठ्या काचेच्या दुकानात गेलो, ही माझी चूक. ते आज नाहीत. एच.एम.टी.ची घड्याळे बनवणारी कंपनीही बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने 2016 साली घेतला. जुन्या चेनची हरवलेली कडी आता कुठून आणणार?

न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाने इमारती बांधल्या आहेत. तिथले एक गृहस्थ गेल्या महिन्यात मुलाने दिलेले घड्याळ घेऊन आले. वय ऐंशीच्या घरात, नुकतेच आजारातून उठलेले. मी दोन्ही बाजूंची एकेक कडी काढली आणि पिनांसकट काड्यापेटीत घालून त्यांच्या हातात दिली.

"या कशाला, साहेब?"

"हात भरला की लागतील."

त्यांनी पेटी कानाशी धरून वाजवून पाहिली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.