विकण्यापूर्वी घर दुरुस्त करा, पण आधी कागद!

गेल्या उन्हाळ्यात उत्तर नागपुरातील एक निवृत्त समाजबांधव आमच्या कार्यालयात आले. पस्तीस वर्षे नोकरी केली, भविष्यनिर्वाह निधीतून आधी दोन आणि पुढे चार खोल्या बांधल्या. आता मुलगा पुण्यात स्थिरावला म्हणून घर विकून तिकडे जायचे ठरले. मध्यस्थाने सल्ला दिला, "काका, घर जरा चकाचक करा, दोन-चार लाख जास्त येतील." काकांनी पतसंस्थेचे तीन लाखांचे कर्ज काढले. छताला पीओपी झाले, चांगली असलेली फरशी उखडून नवीन टाइल्स बसल्या, ओटा मोडून मॉड्युलर किचन आले. गिऱ्हाईक आले, घर आवडले, इसारही ठरला. आणि बँकेच्या वकिलाने कागद मागताच सौदा मोडला!

का मोडला? भूखंडाच्या नियमितीकरणाचे पत्र नव्हते. शिवाय घर दिवंगत पत्नीच्या नावे होते. काका स्वतःला पूर्ण मालक समजत होते. वास्तविक पाहता, हिंदू वारसा कायदा १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे, आणि मृत्युपत्र न करता वारलेल्या स्त्रीने स्वतः घेतलेली मालमत्ता पती, मुलगे आणि मुली यांच्याकडे समान वाट्याने जाते. एक मुलगा, दोन मुली आणि स्वतः काका, म्हणजे काकांचा हिस्सा एक चतुर्थांश! तीन लाखांच्या टाइल्सने हा हिस्सा इंचभरही वाढला नाही.

ही एका घराची गोष्ट नाही. आपल्या समाजातील पहिली शिकलेली, पहिली नोकरी केलेली पिढी आज सत्तरीकडे झुकली आहे आणि त्या पिढीची घरे आता विक्रीला निघत आहेत. वाडवडिलांना गावकुसाबाहेर हक्काची भिंत नव्हती, तिथे या पिढीने पक्के घर उभे केले. हे घर आपल्या कुटुंबाचे पहिले भांडवल आहे. ते मातीमोल भावाने गेले, तर दोन पिढ्यांचे कष्ट गेले असे समजावे. म्हणूनच विकण्यापूर्वी खर्च कुठे करावा आणि कुठे करू नये, हे लक्षात घेणे गरजेचे आहे.

घर पाहायला येणारा माणूस सर्वप्रथम ओल पाहतो. छताला डाग, भिंतीला पोपडे दिसले की तो मनातल्या मनात लाखभर रुपये कापतो. तेव्हा पहिला खर्च गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर आणि गळक्या नळांवर करावा. आधी गळती थांबवावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच पुट्टी व रंग लावावा. ओल्या भिंतीवरचा रंग एका पावसाळ्यात उघडा पडतो आणि गिऱ्हाइकाला फसवल्याचा डाग आपल्याला लागतो. त्यानंतर उघड्या वायरी, तुटलेले स्विच, संडास-न्हाणीची फुटलेली फरशी, न लागणारी दारे-खिडक्या दुरुस्त कराव्यात. फिका, साधा रंग द्यावा. अडगळ भंगारवाल्याला द्यावी. एवढे पुरे.

पीओपी, मॉड्युलर किचन, महागड्या टाइल्स या घेणाऱ्याच्या आवडीच्या गोष्टी आहेत. तो त्या तोडून आपल्या मनासारख्या करून घेतो. बँकेचा मूल्यांकन करणारा प्रामुख्याने जागेचे क्षेत्रफळ, मंजूर बांधकाम, इमारतीचे वय आणि परिसर पाहतो, सजावट नव्हे. स्वतंत्र घरात तर जमिनीचीच किंमत मोठी असते. मग कर्ज काढून सजावट कोणासाठी करायची?

खरी किंमत वाढते ती कागदांनी. हे आम्ही वकील आहोत म्हणून सांगत नाही, हा सरळ व्यवहार आहे. बहुतेक नोकरदार घर घेतात ते बँकेच्या कर्जावर. कागद अपुरे असले की बँक कर्ज देत नाही आणि हे सगळे गिऱ्हाईक एका फटक्यात बाद होते. उरतो तो रोख पैसेवाला, आणि त्याला आपली अडचण बरोबर कळते. भाव तोच ठरवतो.

म्हणून आखीव पत्रिकेवर सर्व वारसांची नावे लावून घ्या. भूखंड गुंठेवारीतला असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरण करून घ्या. मंजूर नकाशा, मालमत्ता कराच्या पावत्या, जुने खरेदीखत, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला एका फाइलमध्ये लावा. गावाकडचे घर महार वतनाच्या जमिनीवर असेल, तर विशेष सावध राहा. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत.

आणि वारसांमध्ये बहिणी येतात, हे विसरू नका. 'ती तर दिल्या घरी सुखी आहे' म्हणून कोऱ्या कागदावर तिची सही घेणारे भाऊ आपल्यातही आहेत. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांची जयंती वाजतगाजत करायची आणि बहिणीचा हिस्सा गिळायचा, हे कोणत्या तत्त्वात बसते? तिने समजून-उमजून हिस्सा सोडला, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नाही सोडला, तर तिचा वाटा तिच्या हाती द्या.

एक सूचना पैशांबाबत. वाढीव खोली, नवा मजला अशा कायम स्वरूपाच्या बांधकामाचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मागता येतो, रंगरंगोटीचा नाही. म्हणून बिले जपून ठेवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे २०१५ पासून प्रतिबंधित आहे आणि दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर, तेवढ्याच रकमेचा बसू शकतो.

आता शेवटचा मुद्दा. त्याच मध्यस्थाने काकांना आणखी एक 'दुरुस्ती' सुचवली होती. दर्शनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती गिऱ्हाईक येण्याआधी आत ठेवा, नाहीतर भाव पडतो! काका हे सांगताना खाली पाहत होते. आम्ही त्यांना विचारले, ज्या माणसामुळे ही भिंत उभी राहिली, त्यालाच भिंतीवरून उतरवायचे? ज्याला फोटो खटकतो, त्याला खरेदीखतावरचे आडनाव खटकणार नाही काय? घर सोडाल त्या दिवशी फोटो सन्मानाने सोबत न्या, त्याआधी नाही.

बाबासाहेबांनीही घर विकले होते. दादरच्या हिंदू कॉलनीतील 'चार मिनार' ही इमारत त्यांनी १९४१ मध्ये विकली, ती कर्ज फेडण्यासाठी आणि ग्रंथ घेण्यासाठी. 'राजगृह' मात्र राखले. काय विकायचे आणि काय राखायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

काकांच्या दोन्ही मुली नागपूरला येऊन गेल्या, वारसनोंद झाली, नियमितीकरणाचा अर्ज दाखल झाला. घर अजून विकले गेलेले नाही. परंतु काका आता पडेल भावाने देणार नाहीत. फोटो दर्शनी भिंतीवरच आहे.

जयभीम!