भाताची बी आणि काजूची बी

चंदगड तालुक्यात काजूची लागवड पुष्कळ घरी अजून जुन्याच रीतीने होते. बांधावरच्या ज्या झाडाची बी टपोरी, तिच्यातली निवडक बी बाजूला काढायची आणि पावसाच्या तोंडावर लावायची. चार-पाच वर्षे राखण केल्यावर झाडे फळू लागतात, आणि मग घरात वाद सुरू होतो. एकाची बी बारीक, दुसरे उशिरा मोहरते, तिसऱ्याला बोंडे भरपूर पण बी हलकी. शेवटी दोष येतो जमिनीवर. माझ्या मते हा जमिनीवर अन्याय आहे.

चांगल्याची बी चांगलीच, हा विश्वास मात्र अडाणीपणाचा नव्हे. तो भाताच्या शेतातून आलेला आहे. भाताच्या फुलातील पराग बहुधा त्याच फुलात पडतो. पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेल्याने प्रत्येक जनुकाच्या जोडीतील दोन्ही प्रती सारख्या होतात. म्हणून शेजारच्या आजऱ्याचा घनसाळ घरच्या बियाण्यातून पुन्हा घनसाळच उगवतो.

काजूचे तसे नाही. त्याच्या एकाच मोहरात नरफुले व द्विलिंगी फुले असतात, आणि पराग कीटक आणतात. बरेचदा दुसऱ्या झाडावरून. म्हणजे बीची आई आपल्याला ठाऊक, बाप ठाऊक नाही! शिवाय आईच्या जोड्याही बेमेळ असतात. प्रत्येक जोडीतील एकच प्रत बीजांडात उतरते. समजा, एकमेकींपासून स्वतंत्रपणे उतरणाऱ्या अशा दहाच जोड्या बेमेळ असल्या, तरी एका झाडाची बीजांडे १,०२४ प्रकारची होऊ शकतात. आईची नेमकी तीच जुळणी बीमध्ये उतरावी कशी?

मेंडेलने वाटाण्याचे ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले दाणे मोजले, हे आपण पाठ करतो. परीक्षेत ३:१ लिहितो. पण त्याआधी दोन वर्षे त्याने आपले वाण शुद्ध आहेत की नाहीत एवढेच तपासले होते. शिक्षकांनी या दोन वर्षांवर एक तास अवश्य खर्चावा. शुद्ध वाण म्हणजे काय हे कळले नाही, तर वाटाण्याचा नियम काजूच्या बागेत घेऊन जाणारा विद्यार्थी हमखास फसेल.

कलमात ही फेरजुळणी होतच नाही. रोपाच्या खुंटावर निवडक झाडाची काडी बांधली की वरचा भाग म्हणजे तेच झाड. घाटाखाली वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने मिदनापूर रेड व वेतोरे-५६ यांचा संकर करून १९८१ साली 'वेंगुर्ला-४' हा वाण दिला. त्याचा प्रसार होतो तो कलमांनी.

मग बीची सगळी झाडे तोडून कलमेच लावावीत काय? येथे मी अडखळतो. 'वेंगुर्ला-१' हा वाण संकरातून आलेला नाही. तो अणसूरच्या एका झाडातून निवडलेला आहे. ज्या फेरजुळणीने शेतकरी फसतो, तीच कधीतरी असे झाड देऊन जाते. बागेत कलमे लावावीत, पण बांधावरची जुनी झाडे मोजल्यावाचून तोडू नयेत. उन्हाळ्यात बी पडू लागली की प्रत्येक झाडाची शंभर बी वाळवून तोलावी, मोहराची तारीख वहीत लिहावी, आणि हे तीन-चार हंगाम करावे. नववीच्या वर्गाला हे काम सहज जमेल, आणि तराजू तर गावच्या दुकानात आहेच.