जरा अ‍ॅडजस्ट करा!

इंग्रज १९४७ साली गेला, पण जाताना ‘अ‍ॅडजस्ट’ हे क्रियापद आपल्या बाकावर बसवून गेला. लोकलमधलं बाक तिघांचं. चौथा येतो, दोन बोटं हलवतो आणि म्हणतो, ‘जरा अ‍ॅडजस्ट करा.’ तिघं अंग चोरतात, चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो. क्रियापद त्याचं, क्रिया आमची! या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘जवळ’ आहे. विरार लोकलमध्ये हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण माझं भांडण चौथ्या सीटशी नाही. उद्या तिथं मीच असेन. भांडण आहे ते या शब्दाशी. पूर्वी गाडीत लोक ‘सरका’ म्हणत, दुकानदार फाटक्या नोटेपुरतं ‘चालवून घ्या’ म्हणे आणि सासरी निघालेल्या मुलीला ‘जुळवून घे’ सांगत. कोण कुणाकडे काय मागतंय, हे निदान कळायचं. आता तिन्हींवर एकच रबरी शिक्का.

मी कॉमर्सचा पदवीधर. अकाउंट्सच्या पेपरात गणिताखाली ‘अ‍ॅडजस्टमेंट्स’ दिलेल्या असत. सर बजावत, ‘प्रत्येक अ‍ॅडजस्टमेंटचे दोन परिणाम. एक विसरलात की ताळेबंद जुळणार नाही.’ थकलेलं भाडं खर्चात धरलंत, तर देण्यांतही दाखवा. संसारात मात्र ही नोंद एकेरी. पाहुणे आले की आमची ही स्वयंपाकघरात झोपते. भाजी कमी पडली की हिला नेमकं लोणचं आवडतं. माझी बदली झाली, हिनं शाळेतली नोकरी सोडली. ‘अ‍ॅडजस्ट केलं हो तिनं!’ असं मी चारचौघांत कौतुकानं सांगतो. कौतुकाला पैसे पडत नाहीत. देण्यांच्या बाजूला इतक्या वर्षांत मी छदामही दाखवलेला नाही. बँकेत कुणी अशी वही लिहिली असती, तर मीच आरडाओरडा केला असता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच : कुणी ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणालं, की विचारावं, ‘दुसरी बाजू कुणाच्या नावे टाकू?’

हे सगळं मी बायकोला ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, ‘रविवारी साहेब सहकुटुंब जेवायला येताहेत. जरा अ‍ॅडजस्ट कर.’

‘करते की,’ ती म्हणाली, ‘तुम्ही जरा इकडे सरका.’ आणि तिनं दोन किलो कांदे माझ्यापुढे ओतले.

पहिली जमा पडली. डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्याचं. ताळेबंद जुळायला अजून बराच अवकाश आहे.