तहकुबी म्हणजे शिस्त नव्हे

सकाळी अकराला लोकसभेचे कामकाज सुरू व्हावे, काही मिनिटांतच घोषणा दुमदुमाव्यात, फलक झळकावेत, अध्यक्षांनी दोन-तीनदा विनवून पाहावे आणि अखेर सभागृह तहकूब करून उठून जावे, हे दृश्य देशाच्या अंगवळणी पडले आहे. दोष कुणाचा, असे विचारताच बोट गोंधळी खासदारांकडे वळते. ते रास्तच आहे. परंतु अध्यक्षपीठाने पत्करलेल्या सोप्या मार्गाकडे मात्र सोयीस्कर डोळेझाक होते.

वस्तुतः नियमावलीने अध्यक्षांना निःशस्त्र ठेवलेले नाही. नियम 373 अन्वये बेशिस्त सदस्याला दिवसभरासाठी बाहेर धाडता येते. नियम 374 अन्वये त्याचे नाव पुकारल्यावर सभागृह त्याला ठरावाने निलंबित करू शकते. 2001 मध्ये जोडलेल्या 374 अ ने ठरावाचीही गरज ठेवली नाही. आसनासमोर धावून येणारा सदस्य नाव पुकारताच पाच बैठकांसाठी किंवा उरलेल्या अधिवेशनासाठी, यांत जे कमी असेल तेवढ्या काळासाठी, आपोआप निलंबित होतो. तहकुबीचा नियम 375 आहे तो गंभीर गोंधळासाठी. तो अपवाद आज नित्याचा झाला आहे.

यात लाभ कुणाचा? प्रश्नोत्तराच्या तासासाठी रोज वीस तारांकित प्रश्न छापले जातात. तास बुडाला की त्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर जातात आणि मंत्र्यांची उपप्रश्नांतून सुटका होते. गोंधळी खासदाराला प्रसिद्धी मिळते, मंत्र्याला सुटका. नागवला जातो तो रात्र जागून प्रश्नाची तयारी करून आलेला सदस्य आणि त्याला निवडून देणारा मतदार!

निलंबन झाले की ‘लोकशाहीचा खून’ अशी हाकाटी होते. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांतील 146 सदस्य निलंबित झाले, तेव्हा काँग्रेसने हाच गळा काढला. मार्च 1989 मध्ये ठक्कर आयोगाच्या अहवालावरून लोकसभेतील 63 सदस्य एकाच दिवशी निलंबित झाले, तेव्हा सत्तेवर कोण होते, याचा तिला सोयीस्कर विसर पडला. मात्र आपल्यालाही स्मरण हवे. 2010 चे हिवाळी अधिवेशन संयुक्त संसदीय समितीच्या मागणीपायी वाहून गेले, तेव्हा विरोधी बाकांवर भाजप होता. मागणी न्याय्य होती; म्हणून बुडालेले तास परत आले नाहीत. शिस्तीची तराजू बाकांनुसार बदलत असेल, तर ती शिस्त नव्हे, निव्वळ सोय होय.

आसनाचा धाक निःपक्षपातातून येतो. विठ्ठलभाई पटेलांनी 1929 मध्ये परकीय सरकारचे सार्वजनिक सुरक्षा विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात रोखून धरले. पहिले लोकसभाध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर स्वतः काँग्रेसचे. तरी अध्यादेशांच्या अतिरेकाबद्दल नेहरूंना पत्राने सुनावण्यास ते कचरले नाहीत. सत्तेला रोखणाऱ्या आसनालाच विरोधकांना दटावण्याचा नैतिक अधिकार लाभतो.

द्यूतसभेत अधर्म करणारे मोजकेच होते. ती सभा कलंकित झाली ती ज्येष्ठांच्या मौनाने. तहकुबी हे आजचे मौन आहे. अध्यक्षांनी गोंधळ माजताच, पहिल्या दिवशीच, पक्ष न पाहता मोजक्या दोषींची नावे पुकारावीत आणि उरलेल्या सभागृहाला काम करू द्यावे. शेकडोंच्या निलंबनाची वेळ मग येणारच नाही.