पायाळू यंत्र

पायाळू माणसाला आमच्या वऱ्हाडात एकेकाळी मोठा भाव होता. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याचा पाय लागला की लचकलेली कंबर मोकळी होते, पावसाळ्यात त्याने झाडाखाली उभे राहू नये कारण विजेचा त्याच्यावर डोळा असतो, आणि डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, अशा तीन गोष्टी त्याच्याबद्दल सांगत. पहिली लोकांच्या उपयोगाची आणि दुसरी त्याच्या धोक्याची. तिसरीपायी मात्र भल्याभल्या घरांची धूळधाण झाली. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तेव्हा गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा त्यात मुद्दाम उल्लेख करावा लागला. यावरून हे वेड किती खोल गेले आहे याची वाचकांना कल्पना येईल.

आता अंजनाची जागा यंत्राने घेतली आहे. इंग्रजीत त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. मी धातुशोधक म्हणून पाहिले, पण मराठीच्या अध्यापकाला धातू म्हटले की आधी क्रियापद आठवते आणि वर्गात हशा पिकतो. माझी अकोल्याची ताई त्याला सरळ 'थे टूं-टूं' म्हणते. तिच्या चिरंजीवांनी हे यंत्र घेण्याचे मनावर घेतले, म्हणून तर हा विषय या सदरात आला. नोकरी करून रविवारी मोकळा असलेला हा मुलगा मोबाइलवर विलायतेतल्या चित्रफिती पाहतो. तिकडे पेन्शनर मंडळी कानाला श्रवणयंत्र लावून नांगरलेल्या शेतांतून हिंडतात. २००९ साली स्टॅफर्डशायर परगण्यात अशाच एका हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातले पाच किलोंच्या आसपास सोने सापडले. असे एक उदाहरण तरुण माणसाची झोप उडवायला पुरेसे असते.

भाच्याचा बेत साधा होता. बागांतून हिंडावे आणि उन्हाळ्यात काटेपूर्णेसारख्या धरणाचे पाणी खाली गेले की उघड्या पडलेल्या काठावर फिरावे, एवढेच. आपल्याकडे समुद्र नाही. चैत्र-वैशाखातला धरणाचा काठ हीच आपली चौपाटी. पण त्याच्या मित्राच्या गावात भलतेच शिजत होते. कोणी एक गृहस्थ पितळी दांड्यांचे यंत्र घेऊन आला होता आणि गढीच्या परिसरात वर्गणी गोळा करीत होता. भाचा मला म्हणाला, "मामाजी, थो मानूस म्हनते का पन्नास फुटावरचं सोनं या यंत्राले समजते. सोयाबीनचे पैसे आले की लोक देनार हायेत."

हे ऐकून मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे गेलो, कारण सोयाबीनचे पैसे म्हणजे एका घराचे वर्ष असते. त्यांनी सांगितलेले मी इथे माझ्या भाषेत देतो.

खऱ्या यंत्राच्या टोकाला थाळीएवढे एक चक्र असते आणि त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. खाली धातू असला तर त्या धातूत बारीक भोवरे-प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते ऐकते. उत्तर किती उशिरा आले यावरून धातू लोखंड असावा की तांबे-चांदी, याचा अंदाज बांधतात. हे सारे काम टीचभर अंतरातले. नाण्याएवढी वस्तू साधारण चक्राच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत, म्हणजे वीत-दीड वीत, समजते. मोठा हंडा त्याहून खोल कळेल, पण हाती धरलेल्या कुठल्याही यंत्राला पन्नास फुटांवरची अंगठी ऐकू येत नाही. म्हणून पहिली कसोटी अशी : ज्याला चक्र नाही, नुसत्या दांड्या आहेत आण्‍ि ज्याचा विक्रेता फुटांची भाषा बोलतो, त्याला घरचा चहासुद्धा देऊ नये.

ही फसवणूक काही वऱ्हाडापुरती नाही. एका इंग्रज व्यापाऱ्याने गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून 'एडीई ६५१' नावाची दांडी बनवली आणि बाँबशोधक म्हणून इराकच्या सरकारला कोट्यवधींना विकली. तिच्या भरवशावर नाकी उभी राहिली आणि माणसे मेली. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात उन्नावजवळ डौंडिया खेडा इथे एका साधूच्या स्वप्नावरून हजार टन सोन्यासाठी सरकारी खात्याचे खोदकाम सुरू झाले होते. सोने काही निघाले नाही. इराकचे सरकार आणि दिल्लीचे खाते जिथे चकले तिथे आमच्या चार शेतकऱ्यांना हसण्याचा कोणाला अधिकार आहे?

खऱ्या यंत्राचाही इतिहास अपयशाने सुरू होतो. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने ती शोधायला असेच एक यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवले. गोळी सापडली नाही. बिछान्यातल्या लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ केला असे म्हणतात. सप्टेंबरात अध्यक्ष वारले. पुढे महायुद्धात कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंगशोधक बनवला आणि १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात तो कामी आला.

बेलला बिछाना नडला, आपल्याला जमीन नडते. कापसाची आपली काळी जमीन झाली आहे ती बसाल्टच्या दगडाची, आणि त्या दगडात चुंबकाला ओढले जाणारे लोहकण असतात. लहानपणी नाल्याच्या वाळूत चुंबक फिरवून त्याला काळ्या मिशा फुटलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. यंत्राला त्या मिशांचाही आवाज येतो. विलायतेच्या मऊ मातीत शहाण्यासारखे वागणारे स्वस्त यंत्र इथे नुसते किरकिरते. तेव्हा नवशिक्याने आधी एकच विचारावे : जमिनीचा आवाज वजा करण्याची सोय या यंत्रात आहे का, आणि ती आपल्याला हाताने फिरवता येते का? चक्रातली वेटोळी इंग्रजी 'डी' अक्षराच्या दोन आकृती पाठीला पाठ लावाव्यात तशी असली तर आपल्या मातीत ती अधिक बरी, असे सहकाऱ्यांचे मत पडले. पल्स इंडक्शन जातीची यंत्रे मातीला फारशी दाद देत नाहीत, पण खिळा आणि अंगठी यांत भेदही करीत नाहीत. बागेत त्यांनी माणूस दिवसभर खिळेच उपसत बसेल.

पाण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. गोड्या पाण्यात यंत्र जवळजवळ जमिनीवरच्यासारखेच चालते; त्रास देते ते खारे पाणी, कारण ते वीज वाहते. मात्र पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या ओल्या मातीत गोड्या पाण्याचा नियम तसाच लागू पडेल असे समजू नये. 'पाण्यात चालते' या जाहिरातीचा अर्थही नीट विचारून घ्यावा. पुष्कळ यंत्रांचे चक्र तेवढे भिजलेले चालते. वरची डबी भिजली की खेळ संपला. मायनलॅबच्या व्हँक्विशचे असेच आहे. नोक्टाचे सिम्प्लेक्स मात्र सबंध पाण्यात बुडाले तरी चालते. धरणाच्या काठावर गुडघाभर चिखलात घसरायचेच असेल तर दुसऱ्या जातीचे घ्यावे. नुसती बाग असेल तर जादा पैसे कशाला?

आता नाण्यांची मौज ऐका. या यंत्रांना 'लोखंड नको' असे सांगण्याची कळ असते आणि नवशिक्यांना ती पहिल्या दिवशी लावायला सांगतात. अमेरिकेत ते ठीक, तिथली नाणी तांब्या-निकेलची. आपल्याकडे पन्नास पैसे १९८८ पासून आणि रुपया १९९२ पासून चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा निघू लागला. म्हणजे खिळे टाळायला जावे तर त्यांच्याबरोबर आपला रुपयाही टळण्याचा संभव. नदीच्या पुलाखाली दोरीला चुंबक बांधून नाणी काढणाऱ्या पोरांना हे कोणी शिकवले नव्हते, पण त्यांचे यंत्र या पोलादी नाण्यांसाठी अचूक आणि फुकट आहे. उलट राणीछाप बंदा रुपया, ११.६६ ग्रॅमचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा, चुंबकाला ढुंकून विचारत नाही; यंत्रात मात्र तो घंटेसारखा वाजतो.

सोन्याची गोष्ट याहून नाजूक आहे. पातळ अंगठीचे उत्तर आणि औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे उत्तर जवळजवळ सारखेच येते. ज्याला कचरा नको त्याला अंगठीही मिळत नाही. सराफ्यातल्या गटाराची माती चाळणारे झारेकरी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. ते काही निवडून उचलत नाहीत, सगळेच धुतात.

कायद्याचेही बोलले पाहिजे, कारण चित्रफितींत तो दुसऱ्या देशाचा असतो. आपल्याकडे १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणाऱ्याचा वाटा जातो आणि वर्षभराची कैदही होऊ शकते. ते दहा रुपये १८७८ सालचेच राहिले आहेत, ही आपल्या कायद्यांची चिकाटी! गाविलगड, नरनाळा अशा ठिकाणी तर हे यंत्र नेऊच नये. संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण अचलपूरजवळचे चम्मक. १८६८ च्या सुमारास तिथल्या शेतात नांगराला ताम्रपट लागले. सात पत्रे होती. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने चर्मांक हे गाव हजार ब्राह्मणांना दान दिल्याची ती सनद. त्या गावाची नदी आणि भोजकट हे राज्य, दोन्ही नावे तीत आहेत. फ्लीट यांनी ती १८८८ साली छापली, पुढे मिराशींनी तिचा पुन्हा अभ्यास केला. पंधराशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखाला काय म्हणत हे आपण आज सांगतो ते या पत्र्यांच्या जोरावर. तांबे यंत्रात सुरेख वाजते. तेच पत्रे आज एखाद्या हौशी पोराला रात्री सापडले आणि त्याने ते भंगारवाल्याच्या काट्यावर टाकले तर? किलोचा भाव मिळेल आणि राज्य वितळून जाईल.

भाच्याने बरेच ऐकून घेतले. मित्राच्या गावी जाऊन त्याने त्या गृहस्थाला एकच विनंती केली, की मी माझी अंगठी या अंगणात पुरतो, ती काढून दाखवा. गृहस्थांनी त्या दिवशी अमावास्या नसल्याचे कारण सांगितले. वर्गणी थांबली, ज्या दोघांनी आधीच दिली होती त्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच. भाच्याने स्वतःसाठी जमीन वजा करता येणारे एक मध्यम यंत्र घेतले, खुरपे घेतले आणि खड्डा बुजवल्याशिवाय पुढे न जाण्याचे ताईला वचन दिले.

श्रावणात तो माझ्याकडे अमरावतीला आला होता. आमच्या बाजूच्या एका बागेत एका बाईंची अंगठी हरवली होती आणि दोन दिवस शोधूनही सापडत नव्हती. बाकाजवळ गवत खुरपणाऱ्या बाईवर संशय घेऊन झाला होता. तिची पिशवी दोनदा उलटी केली होती आणि उद्यापासून येऊ नको असेही कोणी सांगितले होते. ती तरीही येऊन कडेला बसली होती. आम्ही रखवालदाराची परवानगी घेतली. भाच्याने सुतळीने हातभर रुंदीचे पट्टे आखले, 'लोखंड नको' ची कळ बंद केली आणि चक्र जमिनीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवू लागला. बाटल्यांची सहा बुचे निघाली, गोळ्यांची पाकिटे निघाली, एक रुपया, दोन खिळे, छत्रीची काडी. चाळीस मिनिटांनी बाकाच्या मागच्या पायाशी हरळीच्या मुळांत, दोन बोटे खाली, अंगठी निघाली. पावसाच्या चिखलात कोणाच्या तरी पायाने ती दाबली गेली असावी.

अंगठीवाल्या बाईंनी पाचशेची नोट काढली. भाचा म्हणाला, "मले नको, या मावशीले द्या." नोट देताना बाईंची मान खाली होती. खुरपणारीने नोट घेतली, कनवटीला लावली, खुरपे उचलले आणि यंत्राकडे बोट करून मला म्हणाली,

"हे इथंच ठेवून जा नं जी."