तिचं 'नाही'

मंडळी, आजचा विषय वाचून आमच्या घरातले काही जण नाक मुरडतील. मुरडू देत. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. त्याचीच बोच आहे.

भाच्याकडे लॅब्रॅडॉर कुत्री आहे, राणी. मध्यंतरी ती माजावर आली. रक्त दिसल्यावर चौथ्याच दिवशी भाच्याने ओळखीच्यांचा नर आणला. नर आनंदाने उड्या मारतोय, आणि राणी शेपूट पायांत घालून खाली बसली. तो जवळ आला तशी गुरगुरली, मग अंगावरच धावली.

"मावशी, स्वभावानेच खडूस आहे ही. तोंड बांधू आणि दोघं मिळून धरून ठेवू," भाचा म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, ती 'नाही' म्हणतेय. तुला कळत नाही, एवढंच."

गंमत अशी की माज सुरू झाला म्हणजे कुत्री तयार झाली असं नसतं. पहिले साधारण नऊ दिवस रक्त जातं, वासावर नर गोळा होतात, पण ती कुणाला जवळ येऊ देत नाही. पुढचे साधारण नऊ दिवस तिच्या मर्जीचे. तेव्हा स्राव बहुधा फिका, वाळल्या गवताच्या रंगाचा होतो. ती आपणहून नराकडे जाते, स्थिर उभी राहते आणि शेपूट एका बाजूला वळवते. दिवस मात्र प्रत्येकीचे वेगळे. पंचांग लावून चालत नाही. नक्की हवं असेल तर जनावरांचे डॉक्टर रक्त तपासून सांगतात.

आता बोच सांगते. भाद्रपदाचे दिवस, आठवीचा वर्ग. शाळेबाहेर कुत्र्यांची जोडी अडकलेली आणि पोरं दगड मारत, हसत उभी. मी काय केलं? खिडकी लावून घेतली आणि समास शिकवत राहिले! नराच्या इंद्रियाची गाठ आत फुगते, म्हणून दोघं दहा मिनिटं ते अर्धा तास, कधी जास्तही, अडकून राहतात. मग आपोआप सुटतात. ओढलं, दगड मारले, तर दोघांनाही इजा होते. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. लाज आपली, आणि दगड त्यांना.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरात कुत्री पाळायची तर हे सगळं माहीत करून घ्यावं, मुलांनाही सांगावं. जातिवंत पिल्लांच्या पैशासाठी तिला बांधून, धरून लावणं ही जबरदस्तीच आहे. आणि साधारण त्रेसष्ट दिवसांनी येणाऱ्या पिल्लांना घरं मिळणार नसतील, तर सरळ शस्त्रक्रिया करून घ्यावी. त्याने गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो.

असो. भाच्याने त्या दिवशी नर परत पाठवला. अकराव्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हा राणी स्वतःच फाटकापर्यंत गेली.

'खडूस' हा शब्द भाच्याने मागे घेतलाय. माझी ती खिडकी मात्र अजून बंदच आहे. म्हणून हा लेख.