एकाच आकड्याचे दोन अर्थ

'तब्येत सुधारली' याचा एक अर्थ मराठीत वजन वाढले असा होतो, आणि 'किती वाळलास' हे काळजीनेच म्हटले जाते. दुष्काळाचा अनुभव पिढ्यानपिढ्या घेतलेल्या समाजाची भाषा अशीच असणार. सडपातळ, काटकुळा, अंगापिंडाने भरलेला, बोजड अशी देहाची किती तरी वर्णने आपल्याकडे आहेत. त्या सर्वांच्या जागी आज एक आकडा येऊन बसला आहे : देहवस्तुमान निर्देशांक, अर्थात बीएमआय. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १.६० मीटर उंच आणि ६४ किलो वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक २५ येतो.

या आकड्याविषयी आपल्या साहित्यवर्तुळात दोन भूमिका आढळतात. एक भाबडी : आकडा २५ च्या आत आहे ना, मग विषय संपला. दुसरी विद्वत्ताप्रचुर : हा आकडा म्हणजे पाश्चात्त्य सत्तेने देहावर लादलेली शिस्त, सबब तो नाकारणे हेच पुरोगामित्व. या दोन्ही भूमिका वाचनाच्या आळसातून आलेल्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या भूमिकेला इतिहासाचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. या सूत्राचा जनक आडॉल्फ केटले हा बेल्जियन गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होता, वैद्य नव्हे. १८३५ च्या ग्रंथात त्याला शोध होता तो 'सरासरी माणसा'चा. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी या गुणोत्तराला आजचे नाव दिले, तेही समूहांच्या अभ्यासासाठी. १९९८ मध्ये अमेरिकेत अतिवजनाची मर्यादा २५ वर आणली गेली आणि कोट्यवधी माणसे एक ग्रॅमही न वाढता अतिवजनी ठरली. स्नायू आणि चरबी यांतला भेद या आकड्याला कळत नाही. केवळ त्यावर विसंबू नये, अशी भूमिका २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही घेतली.

परंतु येथेच थांबणारा समीक्षक संहिता अर्धीच वाचतो. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. दोघांचाही निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे पाश्चात्त्य मापाने आपल्यावर अन्याय केला तो आपल्याला लठ्ठ म्हणून नव्हे. निरोगी असल्याचा खोटा दाखला देऊन केला. पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. मातेच्या पोषणातील उणिवांशी संशोधक याचा संबंध जोडतात. भाषेत उरलेली भूक अशी देहातही उरली आहे.

म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची सीमा २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर आणली. पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली. वरच्या उदाहरणातली ६४ किलोची व्यक्ती या मापाने लठ्ठ ठरते. हे माप परके नाही. ते आपल्याच देहांच्या अभ्यासातून आले आहे. आता 'सत्तेची शिस्त' म्हणून तेही झिडकारणार काय?

प्रस्तुत लेखकाने ते अनेक वर्षे झिडकारले. १.७० मीटर उंची, ६६ किलो वजन, म्हणजे निर्देशांक २२.८. मित्र 'सडपातळ' म्हणत. पोट सुटले होते, पण त्याकडे मी वयाचा अलंकार म्हणून पाहत असे. चष्म्याचा नंबर वारंवार बदलू लागला तेव्हा रक्त तपासले आणि मधुमेह निघाला. घेर ९६ सेंटिमीटर भरला. आकड्याने फसवले, असे मी तेव्हा सांगत फिरलो. खरे तर मी तो एकटाच वाचला होता, संदर्भाविना. विद्यार्थ्याने कवितेची एकच ओळ अशी वाचली असती तर मी त्याचे गुण कापले असते.

तेव्हा निर्देशांक जरूर काढावा, पण त्याच्या शेजारी पोटाचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब आणि घरातील आजारांचा इतिहास ठेवावा. घेर मोजायचा तो श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर. पोट आत ओढून नव्हे. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडतो. उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून रोज चालावे, स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा आणि ताटात भाताच्या मानाने डाळ-उसळ वाढवावी. आणि स्टाफरूममध्ये कोणाच्या अंगकाठीवर विनोद करण्यापूर्वी स्वतःच्या पोटाला टेप लावून पाहावी.